भाच्याला सेफ्टीत एमएससी करायचीय, इथे यावं का?

प्रेषक: मेधा, डंडी

नमस्कार मंडळी,

कोजागिरीच्या हॉलचं चाललंय त्यात मधेच हे घालतेय, पण घरी गेले दोन आठवडे रोज रात्री याच्यावरच फोन चाललेत. माझा भाचा रोह्याला एका केमिकल कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंटला आहे, बीई केमिकल करून नोकरीला तीन वर्षं झाली, आता त्याला हेल्थ, सेफ्टी आणि एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंटमध्ये एमएससी करायची आहे आणि तीही इकडे स्कॉटलंडला येऊन. एजंटनं सांगितलंय की एक वर्षाचा कोर्स, मग लगेच ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, नोकरी. माझ्या बहिणीचं म्हणणं, हेल्मेट घाला आणि बूट घाला हे सांगायला मास्टर्स कशाला लागतं आणि त्यासाठी घर गहाण का टाकायचं. मी आयुष्यभर बँकेत, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्यात हे शिकलेलं कोणी आहे का? नक्की शिकवतात काय, आणि त्याने यावं की नाही, मोकळेपणाने सांगा.

मेधा

---

प्रेषक: अनघा, ॲबर्डीन

मेधाताई,

मी केलंय, प्लांटवर सात वर्षं काढल्यावर. म्हणून जरा लांब लिहितेय.

आधी तुझ्या बहिणीचं. हेल्मेट या विषयात सगळ्यात शेवटी येतं. धोका मुळातच काढून टाकता येतो का ते आधी बघायचं, नाहीतर त्या केमिकलच्या जागी कमी घातक काही चालेल का, तेही नसेल तर यंत्र बंदिस्त करा, हवा ओढून घ्या, गार्ड लावा, त्यानंतर कामाची पद्धत आणि ट्रेनिंग, आणि एवढं करूनही जे उरतं त्याच्यासाठी मास्क आणि हेल्मेट. मी जिथे काम केलं तिथे आम्ही बरोबर उलट्या टोकाने सुरू करायचो, कारण मास्क आजच्या आज विकत आणता येतो आणि एक्झॉस्टसाठी शटडाऊन लागतो, बजेट लागतं.

आवाजाचं घे. इथे 80 डेसिबलला मालकावर कायद्याची जबाबदारी सुरू होते आणि 85 ला ती आणखी कडक होते, आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना 90 अशी मर्यादा मी पाठ केलेली. मला वाटायचं पाचाचा तर फरक. वर्गात पहिल्यांदा स्वतः आकडेमोड केली तेव्हा कळलं की दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे 85 आणि 90 मध्ये तिपटीहून जास्त. ज्या कंप्रेसर हाउसमधल्या माणसांना मी "मर्यादेत आहे हो" सांगत होते त्यातले दोघं तेव्हाच माझ्याशी मोठ्याने बोलायचे. हे त्या दिवशी फार लागलं मला.

पण मी शिकायला का आले ते सांगते, कारण भाच्याने स्वतःला हाच प्रश्न विचारायला हवा.

आमच्याकडे एका टाकीत उतरून साफसफाई होती. सकाळी साडेनऊला गॅस टेस्ट झाली, ऑक्सिजन 20.9, सगळं ठीक, परमिटवर, म्हणजे कामाला परवानगी देणाऱ्या कागदावर, माझी सही. कंत्राटदाराची माणसं उशिरा आली, काम सुरू झालं जेवणानंतर तीनला. मधल्या वेळात शेजारच्या कामासाठी कोणीतरी नायट्रोजनची लाइन चालू केली आणि आमच्या टाकीकडे येणाऱ्या फाट्याला ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) टाकलेला नव्हता, नुसता व्हॉल्व्ह बंद केलेला होता आणि तो पास होत होता, म्हणजे आतून गळत होता. आत उतरलेला मुलगा बसला तो उठेना. वर उभ्या असलेल्या हेल्परनं दोरी ओढली म्हणून वाचला. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, ठसका नाही, माणसाला कळतच नाही की आपण पडतोय. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं "कामगाराचा निष्काळजीपणा", आणि परमिटवर सही माझी असूनही मी गप्प बसले, कारण ते वाक्य खोटं आहे एवढं कळत होतं पण त्याच्या जागी काय लिहायचं ते मला येत नव्हतं.

एमएससीनं मला ते लिहायला शिकवलं. जेम्स रीझन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची मांडणी आहे, शेवटी ज्याच्या हातून चूक होते त्याच्या मागे चुकीला वाट करून देणारे बरेच निर्णय आधीच होऊन गेलेले असतात, ते शोधा. माझ्या टाकीचंच बघ, टेस्ट आणि काम यात साडेपाच तास, परमिटवर मुदतीचा रकाना नाही, आयसोलेशनची, म्हणजे लाइन पूर्ण तोडण्याची, व्याख्या नाही, एका कामाचं परमिट दुसऱ्याला दिसत नाही, कंत्राटदाराला उशिराबद्दल दंड. यातलं काहीही त्या मुलाच्या हातात नव्हतं. माझा प्रबंध मी याच विषयावर केला, परमिट आणि शिफ्ट हँडओव्हर.

बाकी विषय म्हणशील तर कायदा, टॉक्सिकॉलॉजी, व्हेंटिलेशन, आगीचं शास्त्र, हॅझॉप (प्लांटमध्ये काय काय बिघडू शकतं ते पद्धतशीर शोधणं), थोडं स्टॅटिस्टिक्स, आयएसओ 45001 (सुरक्षा) आणि 14001 (पर्यावरण) ची ऑडिट, कामाचा ताण आणि मानसिक आरोग्यसुद्धा. भोपाळ आमच्याकडे दोन पूर्ण दिवस होतं. 1984 च्या त्या रात्री प्लांटचं रेफ्रिजरेशन बंद, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाइन काढलेली, वायू धुणारा स्क्रबर स्टँडबायवर, हे एकेक करून फळ्यावर मांडलं तेव्हा मी वर्गात एकटीच भारतीय होते आणि मला बोलायला सांगितलं तर आवाज फुटेना.

भाच्याची तीन वर्षं कामाला येतील, थेट कॉलेजमधून आलेल्या मुलांना हे सगळं पुस्तकी वाटायचं. शिरीषकाका, पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या स्फोटाचं तुम्ही लिहा, ते माझं काम नाही.

अनघा

---

प्रेषक: शिरीष, ॲबर्डीन

मेधा, अनघा,

लिहितो. मी इथे 1991 ला आलो, त्या स्फोटाचा लॉर्ड कलेन यांचा चौकशी अहवाल येऊन जेमतेम वर्ष होत होतं, त्यामुळे माझी नोकरीची पहिली काही वर्षं त्याच्याच कामात गेली.

6 जुलै 1988. पायपर अल्फा ॲबर्डीनपासून साधारण 190 किलोमीटर समुद्रात. कंडेन्सेटचे (वायूतून निघणाऱ्या द्रव इंधनाचे) दोन पंप, त्यातला एक मेंटेनन्ससाठी बंद आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायला काढलेला, उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लॅंज बसवलेली. काम संध्याकाळी पुरं झालं नाही. पंपाचं परमिट वेगळं आणि व्हॉल्व्हचं वेगळं. रात्री पावणेदहाच्या सुमाराला चालू पंप बंद पडला, रात्रपाळीच्या लोकांना पंपाचं परमिट माहीत होतं, व्हॉल्व्ह काढलाय हे माहीत नव्हतं, त्यांनी बंद ठेवलेला पंप चालू करायला घेतला. त्या फ्लॅंजमधून कंडेन्सेट गळलं आणि दहाला पहिला स्फोट. 167 माणसं गेली, 61 वाचली. आग विझवायचे पंप मॅन्युअलवर होते, कारण पाण्यात पाणबुडे काम करायचे आणि पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊ नयेत म्हणून तशी पद्धत पडली होती. म्हणजे काही माणसांना वाचवायला केलेली सोय बाकीच्यांना महाग पडली. आणि शेजारचे प्लॅटफॉर्म त्याच पाइपलाइनमध्ये तेल-वायू ढकलत राहिले, बंद करायचा हुकूम आपण द्यायचा का याची खात्री त्यांना नव्हती.

कलेन यांनी 106 शिफारशी केल्या आणि सगळ्या स्वीकारल्या गेल्या. ऑफशोअरची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून एचएसई या सुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे दिली, कारण उत्पादन वाढवणाऱ्यानेच सुरक्षा तपासायची हे बरं नाही. मग 1992 चे सेफ्टी केसचे नियम, म्हणजे आपला प्लॅटफॉर्म सुरक्षित आहे हे कंपनीनेच लिहून पटवायचं. माझ्यासारख्या भारतातून आलेल्या इंजिनियरला ते पचायला वेळ लागला. आपला 1948 चा फॅक्टरी ॲक्ट, जो 2025 पर्यंत लागू होता, सांगायचा की अमुक करा, तमुक बसवा, आपण तपासनीसाला ते दाखवायचो. इथला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा 1974 चा कायदा सांगतो की वाजवीपणे शक्य असेल ते सगळं करा, आणि काय शक्य होतं ते तुम्हीच सिद्ध करा. वाजवी म्हणजे किती यावर 1949 चा एका खाणकामगाराच्या मृत्यूचा खटला अजून शिकवतात, धोक्याच्या मानाने खर्च अगदीच प्रमाणाबाहेर असेल तरच तो टाळता येतो. हे समजायला खरंच शिक्षण लागतं, बहिणीला सांग.

हेझलहेड पार्कात गुलाबांच्या बागेत स्मारक आहे, तीन कामगारांचे पुतळे. भाचा आला तर मी घेऊन जाईन.

शिरीष

---

प्रेषक: निखिल, एडिनबरा

मेधाताई, मी एन्व्हायर्नमेंटच्या बाजूचा, एक-दोन गोष्टी जोडतो.

बऱ्याच कोर्समध्ये पर्यावरण हे शेपटासारखं शेवटी येतं, एक मॉड्यूल आणि संपलं. भाच्याने सिलॅबस उघडून हे बघावं, कारण रोह्यासारख्या ठिकाणी हे दोन विषय वेगळे नाहीतच. मी तळोज्याला होतो तेव्हाचं सांगतो, रिॲक्टरजवळच्या माणसाला वाफ लागते म्हणून एक्झॉस्ट बसवला, छान, वाफ बाहेर गेली, मग शेजारच्या वस्तीतून वासाची तक्रार, मग स्क्रबर लावला, तक्रार बंद, पण वाफेतलं सगळं आता स्क्रबरच्या पाण्यात, ते पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरणाला), ईटीपीत बसलेला गाळ पोत्यांत, आणि ती पोती शिवायला कंत्राटी बायका, हातात साधे कापडी मोजे. धोका प्लांटभर फिरून पुन्हा माणसाच्याच हातात आला आणि दर टप्प्यावर कोणाच्या तरी रिपोर्टमध्ये प्रश्न सुटला असं लिहिलेलं. हे अख्खं वर्तुळ एकत्र बघायला शिकवणारा कोर्स हवा.

आता पैसे आणि व्हिसा. एजंटची "लगेच नोकरी" विसरा. टॉट मास्टर्सला (वर्गात शिकवल्या जाणाऱ्या, संशोधनाच्या नव्हे) 2024 पासून नवरा-बायको-मुलांना आणता येत नाही, टर्ममध्ये आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आणि शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे तो 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षाचा. त्यात स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची. कोर्स आयॉशकडून (सुरक्षा व्यावसायिकांची इथली संस्था) मान्यताप्राप्त आहे का हे आयॉशच्याच यादीत बघा, पुढे चार्टर्ड व्हायचं तर त्याचा उपयोग होतो. आणि आधी तिथे राहूनच नेबॉश या सुरक्षेच्या परीक्षा घेणाऱ्या इथल्या मंडळाचं सर्टिफिकेट करावं, नोकरी सांभाळून होतं, विषय आवडतोय का तेही कळतं.

निखिल

---

प्रेषक: अनघा, ॲबर्डीन

निखिलच्या मेलवरून आठवलं, परत जायचा विचार असेल तर एक फार महत्त्वाचं. महाराष्ट्रात कारखान्यात कायद्याप्रमाणे सेफ्टी ऑफिसर व्हायला औद्योगिक सुरक्षेचा तिकडचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो, एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) एडीआयएस किंवा सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा. इथली एमएससी त्याच्या जागी चालेल असं धरून बसू नये, मी तेच धरून बसले होते आणि सुट्टीत मुलाखतीला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच. त्याच नियमांत अशीही अट आहे की ऑफिसरला बहुसंख्य कामगारांची भाषा नीट यायला हवी. मला ती अट फार आवडते. इथे मी जे शिकले त्यातलं निम्मं तरी माणसांना विचारण्याबद्दल होतं, की बाबा हे काम तू खरंच कसं करतोस, आणि ते मराठीत विचारलं की फिटर जे सांगतो ते इंग्रजी फॉर्मवर कधी येत नाही.

मेधाताई, मला विचारशील तर त्याने आधी एडीआयएस करावं, आणखी दोन वर्षं प्लांटवर काढावीत, मग यावं. मधल्या काळात एक वही ठेवावी, रोज जे कागदावर एक आणि साइटवर दुसरं दिसलं ते तारीख घालून लिहावं. प्रबंधाचा विषय त्यातच सापडेल.

अनघा

---

प्रेषक: मेधा, डंडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तुमच्या सगळ्या मेल भाच्याला आणि बहिणीला फोनवर वाचून दाखवल्या, बहीण टाकीतल्या मुलाचं ऐकून बराच वेळ काही बोललीच नाही, मग भाच्याला म्हणाली तूपण असल्या कागदांवर सह्या करतोस का. तो हो म्हणाला. एडीआयएसचा फॉर्म भरतोय आणि इकडचं दोन वर्षं पुढे ढकललंय, घर गहाण टाकायचं तूर्त तरी टळलं.

पण शिरीषकाका, तुमची मेल ऐकल्यावर तो एक बोलला ते तुम्हाला विचारायला सांगितलंय. त्यांच्याकडे पंपाचा रिलीफ (सेफ्टी) व्हॉल्व्ह टेस्टिंगला काढला की त्याचं परमिट शिफ्ट इनचार्जच्या ड्रॉवरमध्ये जातं आणि पंपाचं परमिट कंट्रोल रूमच्या बोर्डवर लागतं. हे तेच आहे का?

मेधा

---

प्रेषक: शिरीष, ॲबर्डीन

हो, तेच आहे.

त्याला सांग, आत्ता कुठले व्हॉल्व्ह बाहेर आहेत त्याची यादी आजच करून प्रत्येकाच्या पंपाच्या स्टार्टरला कुलूप आणि टॅग लावून घे, आणि दोन्ही परमिटं एकमेकांचा नंबर लिहून एकाच बोर्डवर लाव, त्यासाठी कोणाच्या बजेटची गरज नाही. इनचार्ज अडवत असेल तर मला फोन कर म्हणावं, भारतातली कुठलीही वेळ चालेल. रात्रपाळी सुरू व्हायच्या आत.

शिरीष