डायोड लेझरच्या 'नॉईज'ला मराठीत काय म्हणायचं?

डायोड लेझरवर, म्हणजे अर्धवाहकाच्या छोट्या चिपपासून बनलेल्या लेझरवर, मराठीत लिहायला घेतलंय आणि 'नॉईज'पाशी गाडी अडलीये. गोंगाट, कोलाहल हे शब्द आहेत, पण गोंगाट म्हटलं की माणसांची गर्दी डोळ्यासमोर येते, आणि इथे आवाजाचा संबंधच नाही, प्रकाशाची तीव्रता सरासरीच्या वरखाली होत राहते ते सांगायचंय. 'रव' घ्यावा तर कलरव आठवतो, तो कानाला गोड. बाकी शब्द मस्त बसले. थ्रेशोल्ड करंटला 'उंबरठा प्रवाह' लिहिलं, लगेच कळतं की प्रवाह उंबरठ्याच्या अलीकडे असेपर्यंत डायोड नुसता एलईडीसारखा उजळतो आणि उंबरठा ओलांडला की लेझर सुरू. नॉईजला असा शब्द सुचवा ना.

— 'थरथर' घ्या. दिव्याची ज्योत थरथरते तसंच आहे हे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. मूळ कारण स्वयंस्फूर्त उत्सर्जन, म्हणजे लेझरच्या शिस्तीत न बसणारे फोटॉन अधूनमधून आपले आपण बाहेर पडतात आणि त्यातला प्रत्येक जण तीव्रतेला बारीकसा धक्का देतो. उंबरठ्याजवळ ही थरथर सगळ्यात जास्त, प्रवाह वाढवत नेला की सरासरीच्या मानाने कमी होत जाते. डेटाशीटमध्ये 'रिन' (रिलेटिव्ह इंटेन्सिटी नॉईज, म्हणजे सरासरीच्या मानाने तीव्रता किती हलते त्याचं माप) दिलेला असतो ना, समजा उणे १५० डेसिबल प्रति हर्ट्झ, तर १ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हिशोब केला की तीव्रता साधारण ०.१ टक्का हलते असं निघतं. आकडा बारीक वाटतो पण ॲनालॉग सिग्नल पाठवणाऱ्याला तेवढाही नडतो.

— थरथर छान आहे पण मी 'खरखर'च्या बाजूने. रेडिओची खरखर सगळ्यांना माहितीये आणि लेझरचीसुद्धा खरंच ऐकू येते! मी फोटोडायोडचा, म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या डायोडचा, सिग्नल ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला दिला होता आणि लेझरसमोर पांढरं कार्ड धरलं, तर कार्डाला नुसतं बोट लागलं तरी स्पीकर खरखरायचा, कारण कार्डावरून परत फिरलेला थोडासा प्रकाश डायोडमध्ये शिरतो आणि त्याला अस्थिर करतो. म्हणून तर पुढे आयसोलेटर लावतात, प्रकाशाला जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. आणि तापमान हळूहळू वाढवलं की मध्येच लेझर एका मोडवरून (लेझरच्या पोकळीत नेमक्या बसणाऱ्या ठरावीक तरंगांपैकी एकावरून) दुसऱ्यावर जातो, तरंगलांबी एकदम बदलते. त्याला थरथर म्हणू नका प्लीज, ती सरळ 'उडी' आहे, मोड हॉपिंगला 'मोडची उडी' एवढं पुरे.

— उडी पटली, लगेच घेतली! पण मग फेज नॉईजचं काय? फेजला आपल्याकडे 'कला' आहेच, कलांतर शाळेतच शिकतो, पण 'कलेची खरखर' वाचून कुणी गाण्याबद्दल समजेल. मला 'भरकट' सुचतंय, कारण फेजला ओढून जागेवर आणणारं काही नसतं, धक्के साचत जातात आणि ती भरकटत जाते, आणि वर्णरेषेची रुंदी, म्हणजे लेझरचा एक रंग प्रत्यक्षात किती पसरलेला आहे ते, त्यातूनच येते. शॉलो आणि टाउन्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये या रुंदीचं सूत्र दिलं, पण डायोड लेझरची रेषा त्याहून बरीच रुंद निघायची. १९८२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स हेन्रींनी कारण दाखवलं की तीव्रता हलली की अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनांची संख्या हलते, त्याने अपवर्तनांक हलतो, आणि त्यामुळे फेजला आणखी एक धक्का बसतो. म्हणजे थरथरीतूनच भरकट वाढते, हे वाक्य मराठीत किती सहज लिहिता येतंय बघा, दोन्हीकडे 'नॉईज' लिहिलं असतं तर ते सुचलंच नसतं.

— भरकट आवडला. मग खरखर सगळ्यांचं सामाईक नाव ठेवा, तीव्रतेला थरथर, फेजला भरकट. शॉट नॉईज मात्र राहिला, तिथे फोटॉन एकेक करून येतात, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे, म्हणून मी 'टपटप' म्हणतोय, चालेल का?