सॉल्ट क्लोरिनेटर बंद करून साध्या क्लोरीनवर जायचंय, पूल पूर्ण रिकामा करावा लागतो का?

नागावची_वाडी
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ नागावला आमचा होमस्टे आहे, चार खोल्या आणि मागच्या वाडीत छोटा पूल. ८ मीटर बाय ४ मीटर, एका टोकाला ३ फूट आणि दुसऱ्या टोकाला सव्वापाच, म्हणजे अंदाजे ४० हजार लिटर पाणी. बांधला तेव्हाच सॉल्टवाला बसवून घेतला होता कारण सांगणाऱ्याने सांगितलं की यात केमिकल लागत नाही, फक्त मीठ टाकायचं. पाच वर्षांनी त्यातला सेल (पाणी ज्यातून जातं तो प्लेटांचा डबा) गेला, तो बदलला, आता दुसरा तीन वर्षांतच गेला. परवा प्लंबरने काढून दाखवला तर प्लेटांवर चहाच्या किटलीत बसतो तसा पांढरा थर आणि जिथे थर खरवडला तिथे काळं कोटिंग उडून आतला करडा पत्रा दिसतोय. शिडीच्या पायाशीही तांबूस डाग पडलेत.

नव्या सेलचा आकडा ऐकून घरात सगळ्यांचंच ठरलं की आता साध्या क्लोरीनवर जाऊ. पण पूलवाला म्हणतोय आधी सगळं पाणी काढा, फिल्टरची वाळू बदला, मग गोळ्या चालू करा. मे महिना आहे, विहिरीचं पाणी आत्ताच मचूळ लागतंय, ४० हजार लिटर आणू कुठून? शनिवार-रविवारचं बुकिंग आहे, पाहुण्यांची लहान मुलं उतरतात त्यात. आणि क्लोरीनने डोळे चुरचुरतात, वास येतो म्हणतात ते कितपत खरं? कुणी स्वतः केलंय का हे?

पंपरूम_पुणे
ताई, पहिली गोष्ट म्हणजे पाणी अजिबात काढू नका. मी पुण्यात सोसायट्यांचे पूल सांभाळतो, चौदा वर्षं हेच काम. तुमचा पूल आजवर क्लोरीनचाच होता, हे कुणी तुम्हाला नीट सांगितलंच नाही याचं वाईट वाटतं. तो सेल काय करतो तर पाण्यातल्या मिठातून वीज सोडून क्लोरीन बनवतो. पाण्यात शेवटी जे जंतू मारतं ते तेच. फरक एवढाच की आतापर्यंत मशीन बनवत होतं, आता तुम्ही कॅनमधून घालणार. मीठ पाण्यात राहिलं तरी क्लोरीनच्या कामात काही अडथळा येत नाही. वाळूचाही याच्याशी संबंध नाही, बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, नीट होत असेल तर राहू द्या.

सेलच्या दोन्ही बाजूला युनियन, म्हणजे फिरवून सुटणारे जोड असतात, ते सोडवून सेलच्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा बसवायचा, आमच्याकडे त्याला डमी म्हणतात. कंट्रोलरची वीज इलेक्ट्रिशियनकडून कायमची काढून घ्या, नुसतं बटण बंद करून ठेवू नका. झालं, एवढंच कन्व्हर्जन.

आता खरा प्रश्न कुठला क्लोरीन. गोळ्या म्हणजे टीसीसीए ९०, पावडर म्हणजे कॅल्शियम हायपो ६५ टक्केवाली, आणि पातळ म्हणजे सोडियम हायपो, जे कॅनमध्ये मिळतं, १० ते १२ टक्क्यांचं. तुमच्यासाठी मी पातळच सांगेन. हिशेब सोपा आहे, १ लाख लिटरला १० टक्क्यांचं १ लिटर घातलं की १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीन वाढतो, म्हणजे तुमच्या पुलाला ४०० मिली. उन्हाळ्यात रोज २ पीपीएमच्या आसपास उडतो असं धरलं तर रोज ८०० मिली, तेही संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून, पाणी परत येतं त्या तोंडासमोर हळूहळू ओतायचं.

आणि ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, त्यात चुना फार, पाणी दुधासारखं होतं आणि फिल्टर चोंदतो.

कर्जतचा_फार्म
ताई मी केलंय हे, आणि चुकून केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. आमचा ६० हजारचा पूल, सॉल्टवरून गोळ्यांवर गेलो कारण सोपं वाटलं, तरंगत्या डब्यात गोळ्या टाका आणि विसरा. पहिला महिना पाणी आरशासारखं. दिवाळी झाली आणि मग हिरवट झाक यायला लागली, क्लोरीन तपासला तर भरपूर दाखवतोय, पाणी मात्र हिरवं. शॉक दिला, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन घातला, दोन दिवस बरं, परत हिरवं. कुणालाच कळेना.

शेवटी एकाने स्टॅबिलायझर तपासायला सांगितलं, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. ते उन्हापासून क्लोरीनला जपतं म्हणून सॉल्टच्या पुलात मुद्दाम ६०-८० पीपीएम ठेवलेलं असतं. आणि टीसीसीएच्या गोळीतच ते असतं! दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर पाण्यात उतरतं. क्लोरीन उडून जातो पण हे उडत नाही, साठत राहतं. रोजचे २ पीपीएम धरले तर महिन्याला ३६ ची भर. आमचं दीडशेच्या वर गेलं होतं. तेवढं झालं की क्लोरीन असतो पण बांधलेला, मारायची ताकद राहत नाही. उपाय एकच, पाणी काढून नवीन भरणं. म्हणजे जे टाळण्यासाठी एवढं केलं तेच करावं लागलं, टँकर आणून. तेव्हा गोळ्या फक्त चार दिवस बाहेरगावी जाताना वापरा, आणि स्किमरमध्ये (वरचा कचरा ओढणाऱ्या भिंतीतल्या तोंडात) कधीच ठेवू नका, पंप बंद असताना ते आंबट पाणी पाइपात बसून राहतं आणि धातूचं जे असेल ते खातं.

सिडनीकर
इकडे सॉल्टचे पूल घरोघरी आहेत आणि आम्ही खूश आहोत, पण सेल पाच-सात वर्षांनी बदलायचा हे धरूनच चालतो. तीन वर्षांत गेला म्हणजे पाणी जड असणार किंवा मीठ कमी असताना सेल चालवला असणार. नवीन बसवणार असाल तर आधी पाण्याचा कॅल्शियम बघा, ४०० च्या वर असेल तर तोही असाच जाईल.

निवृत्त_केमिस्ट
मी ३१ वर्षं केमिकल कंपनीत काढली म्हणून हे आधी वाचा, बाकीचं नंतर.

सोडियम हायपो आणि पीएच उतरवायचं ॲसिड एका खोलीत शेजारी ठेवायचे नाहीत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पंपरूममध्ये माणूस दारापर्यंतही पोचत नाही. दोघांसाठी एकच मग, एकच बादली वापरायची नाही. मगावर रंगाने मोठं लिहा, कारण काम करणारा मुलगा बदलतो आणि नव्याला माहीत नसतं. तसंच गोळ्या आणि कॅल्शियम हायपो पावडर एका डब्यात, एका फीडरमध्ये कधीही नाही, ओलसर असताना आग लागते, स्फोटही होतो. दोन्ही क्लोरीनच आहेत म्हणून लोक मिसळतात, तिथेच घात होतो.

डोसिंग पंप, म्हणजे हायपो आपोआप थोडा-थोडा सोडणारा छोटा पंप, लावणार असाल तर त्याची वीज मेन पंपाच्या स्टार्टरवरूनच घ्या. आपल्याकडे लाइट येते-जाते, मेन पंप बंद आणि डोसिंग चालू असं झालं तर पाइपात घट्ट हायपो साठतो आणि पंप सुरू झाल्याझाल्या पोहणाऱ्याच्या तोंडावर येतो.

कॅन घेताना बनवल्याची तारीख बघा. उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात जोर बराच उतरतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांपुरताच घ्या, सावलीत ठेवा. झाकण हवाबंद करू नका, आत वायू धरतो, त्याला मिळतं तेच भोकाचं झाकण राहू द्या.

वासाचं म्हणाल तर तो तीव्र वास जास्त क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, तेल यांच्याशी क्लोरीन जुळून क्लोरामाइन बनतं, वास त्याचा आणि डोळे झोंबतात तेही त्यानेच. मोकळा क्लोरीन पुरेसा असेल आणि माणसं आंघोळ करून उतरली तर वास जवळजवळ येत नाही. पुलाशेजारी शॉवर आहे ना? पाहुण्यांना तो घ्यायला लावा, लाजू नका.

नागावची_वाडी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आज डमी बसवून घेतला. जुनं पिवळ्या रंगाचं किट होतं ते बाजूला ठेवून नवीन गुलाबी रंगाचं डीपीडीवालं आणलं, स्टॅबिलायझरचीही टेस्ट केली, ती नळी वरून बघत काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत भरायची. आकडे असे आले: मोकळा क्लोरीन ०.५, पीएच ८, अल्कलिनिटी ११०, स्टॅबिलायझर ८०, मीठ ३६००. आता किती घालू? आणि ८० कमी कसा करू, पाणी तर काढायचं नाही म्हणालात.

पंपरूम_पुणे
किट बदललं ते बरं केलंत, पिवळं किट एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळा किती ते कळत नाही.

आधी पीएच. सेल चालू असताना तो सारखा वर चढतो, म्हणून ८ आहे, आता सेल गेल्यावर ॲसिड पूर्वीपेक्षा कमी लागेल बघा. बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्याने सुरुवात करा, बादलीत आधी पाणी आणि मग त्यात ॲसिड, उलटं नाही. खोल बाजूला फिरत-फिरत ओता, पंप चालू, तासा-दोन तासांनी परत तपासा, ७.५ च्या आसपास आणा. क्लोरीन त्याच्या मागोमाग नको, मध्ये तेवढा वेळ जाऊ द्या.

स्टॅबिलायझर ८० आहे तोवर क्लोरीन नेहमीपेक्षा वर ठेवावा लागेल, ६ पर्यंत. तुमचा ०.५ आहे, म्हणजे साडेपाच वाढवायचा, गुणिले ४०० मिली, २२०० मिली. आज रात्री घाला, उद्या सकाळी ऊन यायच्या आत तपासा. रात्रीत १ पेक्षा जास्त पडला तर शेवाळ लागलंय समजा, भिंती ब्रशने घासा आणि परत ६ वर न्या.

कर्जतचा_फार्म
८० खाली आणायला पाऊस येतोयच की ताई! पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न. तुमच्याकडे चार महिन्यांत दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूल सरासरी सव्वा मीटर खोल. पण एक लक्षात ठेवा, पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि पंप बंद असेल तर वरच्यावर ओव्हरफ्लोने निघून जातं, खालचं मीठ आणि स्टॅबिलायझर तिथेच. म्हणून मोठा पाऊस चालू असताना पंप चालवा, मिसळलं तरच बाहेर जाईल. मध्ये उघडीप मिळाली की अर्धा फूट पाणी काढून ठेवा आणि पुढच्या सरीला भरू द्या. ऑगस्टपर्यंत निम्म्यावर याल.

अर्धा फूटच हं. पावसाळ्यात पूर्ण रिकामा करू नका कुणी कितीही सांगितलं तरी. आमच्या शेजारच्या फार्मवर जुलैत टाइल्स बदलायला टाकी कोरडी केली, खाली जमिनीत पाणी भरलेलं, रात्रीत तळ मधोमध वर आला आणि उभी भेग गेली. सकाळी आम्ही बघायला गेलो तर भेगेतून गढूळ पाणी वर उकळतंय. तुमची तर समुद्राकाठची जमीन, पाणी हाताला लागतं.

आणि काढलेलं पाणी हापूसच्या आळ्यात सोडू नका, पानांचे शेंडे करपतात. माडाला चालतं, त्याला तसंही आपण मीठ घालतोच, पण क्लोरीन उतरल्यावर, दोन दिवस डोस न देता.

नागावची_वाडी
काल रात्री २२०० मिली घातलं, आज सकाळी साडेसहाला ५.४ आला. पीएच ७.६. म्हणजे शेवाळ नाही ना? पाणी तर इतकं स्वच्छ आहे की तळाच्या जाळीची भोकं मोजता येतात. सासूबाई पाय सोडून बसल्या होत्या, म्हणाल्या वास नाही काही. मगांवर लाल आणि निळ्या रंगाने लिहून घेतलंय, ॲसिड गोठ्याच्या बाजूच्या खोलीत हलवलं. शिडीचे डाग राहिलेत, त्याचं काय करू?

पंपरूम_पुणे
६ वरून ५.४ म्हणजे रात्रीत ०.६ गेला, शेवाळ नाही. आता रोज संध्याकाळी तपासून जेवढा कमी तेवढाच घाला, ठरलेला डोस डोळे मिटून नको. बुकिंगच्या दिवशी मुलं उतरायच्या आधी सकाळी आणि मुलं निघाल्यावर, दोनदा तपासा.

शिडी बहुतेक ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची असेल, मिठात ती डागाळतेच. पाण्याबाहेर काढा, लिंबू किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने नरम फडक्याने पुसा, तारेची घासणी लावू नका, ओरखड्यात परत गंज धरतो. खड्डे पडले असतील तर बदलताना ३१६ मागा. मीठ पावसात उतरलं तरी नागावची हवा खारीच राहणार, त्यामुळे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवत चला.

नागावची_वाडी
बरं दादा, शिडी आजच काढते. पाऊस सुरू झाला की जूनअखेर स्टॅबिलायझर आणि मिठाचा आकडा इथेच टाकेन.