डोळे फिरवून पुराची धास्ती जाते का?

चिखलीकर: २०१९ च्या पुरात आमच्या वहिनी रात्रभर माळ्यावर अडकल्या होत्या. अजूनही कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडं सरकली की त्यांची झोप उडते, अंग थरथरतं. डॉक्टरांनी ईएमडीआर नावाचा मानसोपचार सुचवलाय. ती आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या बोटामागं नजर डावी-उजवी फिरवायची. माझं मत, करावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये अशा त्रासासाठी याची शिफारस केलीय.

रंकाळ्याचा वारा: भावा, हा सुशिक्षितांचा गंडादोरा! फ्रान्सीन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये बागेत फिरताना हे सुचलं, म्हणून शास्त्र झालं काय? नजर न हलवताही तेवढाच गुण येतो, असं सांगणारे अभ्यास आहेत. गुण येतो तो आठवणीला सामोरं गेल्यानं.

शाहूपुरी तिसरी गल्ली: बोटांवरून वाद आहेच. काहींच्या मते आठवण आणि हलती नजर दोन्ही एकदम सांभाळताना आठवणीची धार बोथट होते. पण उपचाराचे टप्पे आठ, आणि बोट येतं चौथ्यात. आधी पूर्वेतिहास, मग मन सावरायची तयारी. पहिल्याच दिवशी बोटं नाचवणाऱ्याकडनं सरळ उठून यायचं.

रंकाळ्याचा वारा: म्हणजे माझंच खरं की! आणि हल्ली चार दिवसांचा कोर्स केलेला कुणीही पाटी लावतोय.

शाहूपुरी तिसरी गल्ली: म्हणून तर नोंदणी बघायची. मानसोपचारतज्ज्ञ, नाहीतर भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यावर ईएमडीआरचं वेगळं प्रशिक्षण कुठं झालं, अडलं तर कुणा अनुभवी माणसाला विचारता, हे तोंडावर विचारा. चांगला माणूस रागवत नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहेच. इथं कोणी मिळालं नाही तर पुण्याचा कोणी ऑनलाइन घेतो का बघा, पण त्रास जास्त असेल तर समोर बसूनच बरं.

माळकरीण: सगळे पुरुष मिळून ठरवताय. वहिनी काय म्हणतात?

चिखलीकर: त्या म्हणतात, ती रात्र परत सांगायची असेल तर मी येत नाही.

शाहूपुरी तिसरी गल्ली: मग हेच जास्त सोयीचं. यात घडलेलं सगळं तोंडानं सांगावं लागत नाही. मनात धरलं तरी चालतं.

रंकाळ्याचा वारा: बोटं मला पटली नाहीत, अजूनही नाहीत. पण हे वहिनींना सांग.