फाईल ‘काढायची’ की ‘काढून टाकायची’?

पाटीपेन्सिल : टार या कमांडच्या मदतपानाचं मराठी करतोय. टार अनेक फायलींचा एकच गठ्ठा (आर्काइव्ह) बांधतो आणि सोडतो. अख्खा गठ्ठा न सोडता त्यातली एकच फाईल परत मिळवायची, त्यासाठी ‘-एक्स’ हा पर्याय. मी लिहिलं, ‘गठ्ठ्यातून फाईल काढा’. तपासणाऱ्या बाईंचा शेरा : ‘म्हणजे गठ्ठ्यात ती उरणार नाही का?’ उरते, ‘-एक्स’ फक्त प्रत बाहेर देतो. पंचाईत अशी की त्याच पानावर ‘--डिलीट’ आहे आणि तो खरोखरच गठ्ठ्यातली फाईल घालवतो.

सातबारा : मग बिघडलं कुठे? तलाठ्याकडून उतारा ‘काढतो’ तेव्हा दफ्तरातलं पान कोणी फाडून आणत नाही. ‘-एक्स’ला ‘उतारा काढणे’, डिलीटला ‘काढून टाकणे’.

मधलीसुट्टी : आमच्या कोकणात उतारा तिठ्यावर ठेवतात, लिंबू आणि भात. ओलांडू नये म्हणतात :)

मोडीवेडा : पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात. आर्काइव्हला ‘रुमाल’च का नको? टार हे नावच ‘टेप आर्काइव्ह’वरून आलं, 1979च्या युनिक्स या संगणक प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत. फितीसारखंच पहिल्यापासून चाळत जायचं. झिपच्या शेवटी सूची असते, म्हणून त्यातली एक फाईल झटकन हाती लागते.

सातबारा : रुमालातून कागद नेला की रुमालात नाही उरत. बाईंचा शेरा पुन्हा आलाच.

खटपट्या : वापरणारा अडतो भलतीकडेच. आधी ‘-टी’ने यादी बघा आणि नाव जसंच्या तसं द्या. यादीत नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ असली तर तीसुद्धा, नाहीतर ‘सापडत नाही’ म्हणून हात वर. दुसरं म्हणजे, बाहेर त्याच नावाची फाईल असेल तर टार विचारत बसत नाही, गठ्ठ्यातली जुनी तिच्या जागी आणून बसवतो. आजचं काम गेलं! कॅपिटल सी लावून वेगळ्या फोल्डरात उतरवून घ्यावं. मी तर ‘उतरवून घेणे’ हेच म्हणेन.

राजभाषा : उतरवायला ते काय सामान आहे? ‘पुनर्स्थापित करणे’ रूढ आहे.

विसर्ग : अशुद्ध आहे. पुनर्जन्म, पुनर्वसन ठीक, पण पुढे ‘स’ आला की विसर्गाचा रेफ (डोक्यावरचा ‘र्’) होत नाही. पुनःस्थापित.

राजभाषा : टीव्हीवर ‘पुनर्प्रक्षेपण’ बघत मोठे झालो, तेही चूक का?

विसर्ग : चूकच. पुनःप्रक्षेपण.

मधलीसुट्टी : अहो, ‘परत आणणे’ म्हणा ना सरळ!

खटपट्या : परत आणणे म्हणजे जागच्या जागी आणणे. वेगळ्या फोल्डरात घेतली तर कसली परत?

राजभाषा : रूढ झालं की शुद्ध. भाषा लोकांची असते, पाणिनीची नाही.

विसर्ग : पाणिनीकडे जायचंच असेल तर ‘स्थ’ पुढे असताना विसर्गाचा लोपही चालतो. ‘पुनस्थापित’ लिहा, माझी हरकत नाही. तेवढा रेफ काढा.

सातबारा : काढा की काढून टाका?