पॉक्सो : मुलगी 'मर्जीने गेले' म्हणते, तरी २० वर्षं?

चौकस:
मुलगी १७ वर्षं ८ महिन्यांची, मुलगा २०. पळून जाऊन देवळात लग्न केलं, आता तिला दिवस गेलेत. वडिलांनी तक्रार दिली. मुलगी म्हणते, मर्जीने गेले. मग पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) टिकतो कसा? वडिलांनी तक्रार मागे घेतली तर?

कलमदान:
टिकतो. २०१२ च्या या कायद्यात १८ च्या आतली प्रत्येक व्यक्ती 'बालक', आणि बालकाच्या संमतीला किंमत शून्य. (त्याआधी भारतीय दंड संहितेत संमतीचं वय १६ होतं.) संबंध एकदाच आला तर कलम ४, किमान १० वर्षं. वारंवार आला किंवा दिवस गेले, की कलम ५ आणि ६, किमान २०. म्हणजे पोरगा सोडून पळाला तर शिक्षा कमी, संसार मांडला तर दुप्पट! हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीतले. किमान शिक्षा कायद्यानेच बांधलेली, त्यामुळे न्यायाधीशाला दया आली तरी खाली उतरता येत नाही. लग्नाचा उपयोग नाही, उलट बालविवाहाचं कलम वाढतं.
तक्रार मागे घेऊन खटला थांबत नाही. उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२) गुन्हा रद्द करायचा अर्ज करावा लागतो. मूलबाळ, संसार बघून काही न्यायमूर्ती रद्द करतात, काही नाही.

ओपीडी:
बऱ्याचदा घरचे गप्प असतात आणि गुन्हा दवाखान्यातून सुरू होतो. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरांनी पोलिसांना कळवणं सक्तीचं, नाही कळवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद. म्हणून मुली मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या घेतात आणि रक्तस्राव थांबेना झाला की येतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना तिचं नाव देऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. ते डॉक्टरांना दाखवा.

चौकस:
मुलगाही १७ चाच असता तर?

कलमदान:
तरी गुन्हा. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. १६ पूर्ण असतील तर प्राथमिक मूल्यमापन करून प्रौढासारखा खटलाही चालू शकतो.

जनरल रजिस्टर:
इथे ४ महिन्यांचा प्रश्न आहे, म्हणून आधी वय तपासा. बाल न्याय कायद्याचं कलम ९४: पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधारवर विसंबू नका. दाखल्यावर १ जून दिसला की थांबा. पहिलीत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख असू शकते. शाळेचं मूळ रजिस्टर मागवून घ्या आणि नोंद कशावरून केली, ते मुख्याध्यापकांना उलटतपासणीत विचारा.