स्ट्रेप्टोकायनेज सगळ्या लोकसमूहांना सारखंच लागू पडतं का?

धागाकर्ता: हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायला दिलं जाणारं स्ट्रेप्टोकायनेज हे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचं प्रथिन. जिथे या जिवाणूमुळे घसा आणि त्वचेचे संसर्ग लहानपणापासून वारंवार होतात, तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही त्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) भरपूर असतात, आणि ती या औषधाला निष्प्रभ करू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींमध्ये ती इतकी आढळली की तिथल्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांच्यासाठी दुसरं औषध सुचवलं. माझं ठाम मत आहे की प्रत्येक लोकसमूहात ही पातळी मोजावी आणि ती जास्त असेल तिथे हे औषध पहिली निवड नसावं.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. 15 लाख युनिटचा डोस बहुतेकांच्या प्रतिपिंडांना पुरून उरतो. 1988 च्या आयसिस-2 चाचणीत 17,187 रुग्ण होते आणि या औषधाने हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू जवळपास चतुर्थांशाने घटले. महागडं औषध येईपर्यंत स्नायू मरत राहतो. हाताशी आहे ते लगेच द्या.

धागाकर्ता: ऐन झटक्यात तपासणी करा असं मी कुठे म्हणतोय? रक्तदात्यांच्या नमुन्यांवर आधीच पाहणी करता येते. आणि सरासरी चांगली आली म्हणून प्रत्येक गटाचं भलं झालं असं होत नाही.

गाळणी: दोघेही प्रतिपिंडांपाशीच अडकलात. अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं दुसरं औषध मानवी प्रथिनासारखं, त्याला ही अडचण नाही. तरी 1993 च्या गुस्टो चाचणीत 90 मिनिटांनी पूर्ण प्रवाह सुरू झाला तो 54 टक्के रुग्णांत. स्ट्रेप्टोकायनेजचा आकडा 30 च्या आसपास होता, हे मान्य. पण उरलेल्या 46 टक्क्यांचं काय? प्लेटलेट्सनी गच्च भरलेली गुठळी, फायब्रिन या प्रथिनाचे धागे घट्ट विणले गेलेली जुनी गुठळी, रक्तात वाढलेलं पीएआय-1 (गुठळी विरघळण्याला अटकाव करणारं प्रथिन), हे सगळं औषधाला दाद देत नाही. पीएआय-1 च्या जनुकातले फरकही लोकसमूहागणिक कमीजास्त असतात. मोजायचंच तर तेही मोजा.

रात्रपाळी: मोजा हो, पण उपचार माणसावर होतात. ईसीजीच्या आलेखातला एसटी नावाचा वर उचललेला भाग 60 ते 90 मिनिटांत निम्म्यानेही खाली आला नाही, तर औषध लागू पडलेलं नाही. थेट अँजिओप्लास्टीला पाठवा.

धागाकर्ता: आणि ती सोय जवळ नसेल तर? एकदा स्ट्रेप्टोकायनेज घेतलेल्याला ते पुन्हा देत नाहीत, कारण प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकू शकतात. तिथे कुणी प्रत्येकाचं रक्त तपासत बसत नाही. मग वारंवारच्या संसर्गाने ज्यांची पातळी तशीच चढली आहे, त्यांना वेगळा नियम का?