शब्दचर्चा : मोल, किंमत, ऐपत, रास्त

तर्रीपोहे :
मंडळी, एक प्रश्नावली मराठीत आणायचं काम हाती आहे. नागपूर शहरात आणि उमरेड, कुही, रामटेककडच्या गावांत घरोघरी जाऊन विचारायची आहे. उपचारामुळे माणसाला जी तब्येत परत मिळते, तिच्यासाठी किती पैसा खर्चावा, आणि तो सगळ्यांसाठी सारखा असावा की कोणासाठी जास्त, असा विषय. पहिल्या खर्ड्यात कोणीतरी ‘आरोग्यलाभाचे मौद्रिक मूल्यांकन’ लिहून ठेवलंय. एवढं ऐकून माणूस दार लावून घेईल. मी ‘तब्येत सुधारण्याची किंमत’ केलं, तर सरावाला बसवलेल्या काकूंनी थेट सोनोग्राफीचा दर सांगितला. मूल्य, मोल, किंमत, काय ठेवू?

धंतोलीकर :
किंमत विकणारा सांगतो, मोल घेणारा जाणतो. काकूंचं काही चुकलं नाही, तुम्ही किंमत विचारली, त्यांनी किंमत सांगितली. ‘मूल्य’ शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला जाऊन बसलंय, त्याला उठवू नका. माझं मत ‘मोल’.

महालची सून :
मोल इतकं सोवळ्यातलं नाही हो. मोलमजुरी, मोलकरीण, मोलाने माणूस लावला, या सगळ्यात मोल म्हणजे रोख मजुरीच. दुसरी अडचण म्हणजे ‘अनमोल’. जिवाचं मोल किती म्हणून विचारलंत की ‘जिवाला कुठं मोल असते बाप्पा’ असं उत्तर येणार आणि तुमचा कागद कोरा राहणार. जिवाचं नाव काढू नका. वर्षाचं विचारा.

आकडेमोड्या :
वर्षच विचारा, कारण उपचाराचा लाभ मोजायचं अभ्यासकांचं मूळ मापही वर्षाचंच आहे. पूर्ण तब्येतीला १, मृत्यूला ०, मधल्या दुखण्यांना मधले आकडे. निम्म्या तब्येतीत काढलेली १० वर्षं या हिशेबात ५ भरतात. ब्रिटनमध्ये १९९९ साली नाईस ही संस्था निघाली. अशा एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंडांपर्यंत खर्च येत असेल तर औषध सरकारी खर्चाने द्यायला हरकत नाही, हा तिथे अनेक वर्षं चाललेला शिरस्ता होता. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली असे हिशेब होतात तेव्हा साधारण दरडोई जीडीपीइतकी रेघ धरतात, म्हणजे दोन लाखांच्या आसपास. माणूस कोण, कमावतो किती, हे त्यात बघत नाहीत. मजुराचं वर्ष आणि सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातलं वर्ष एकाच वजनाचं.

वकीलवाडा :
कोर्टात नेमकं उलटं. अपघातात कोणी गेला तर वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला गुणकाने गुणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा खटल्यात गुणकांचा तक्ताच घालून दिला : १५ ते २५ वयाला १८, पासष्टीच्या पुढे ५. तिथे मोल, किंमत, काहीच म्हणत नाहीत, ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. मग घरात दिवसभर राबणाऱ्या बाईचं उत्पन्न किती धरायचं यावर आम्ही वकील घसा कोरडा करतो.

तर्रीपोहे :
मोल ठेवतो. वर्षही पटलं. आता दुसरी गाठ. ‘तुमची किती पैसे देण्याची तयारी आहे?’ असं लिहिलं होतं. कुहीकडचे एक शेतकरी म्हणाले, ‘वावर विकू अन् देऊ, पोराच्या जिवापुढं पैसा काय पाह्यचा?’ मी पेन धरून बसलो. चौकटीत आकडा लिहायचा होता. दीड एकराचा भाव लिहू? रामदासपेठेत एकांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता ‘पाच लाख, विमा आहे’ सांगितलं. कागदावर कुहीचा आकडा छोटा दिसणार की मोठा, सांगता येत नाही, पण दोघांच्या आकड्यांचा अर्थ एक नाही एवढं नक्की.

धंतोलीकर :
तयारी मनाची, ऐपत खिशाची. तुम्ही तयारी विचारता आणि मोजली जाते ऐपत. ‘ऐपतीप्रमाणे सांगा’ म्हणालात तर गरिबाचं दुखणं कागदावर स्वस्त होणार. ‘ऐपत बाजूला ठेवून सांगा’ म्हणालात तर लोक हसतील.

महालची सून :
क्रियापद बदलून पाहा. ‘तुम्ही किती द्याल?’ ऐवजी ‘सरकारने सगळ्यांच्या करातून किती द्यावेत?’ ‘द्याल’ म्हटलं की हात खिशाकडे जातो, ‘द्यावेत’ म्हटलं की माणूस पारावर बसल्यासारखं बोलतो. शिवाय नाव नसलेल्या रुग्णाबद्दल विचारा. स्वतःचं पोर आलं की वावर विकणारच.

आकडेमोड्या :
हे फार महत्त्वाचं. ‘द्याल’ने स्वतःपुरती पसंती कळते, ‘द्यावेत’ने समाजाने कसं वाटावं याबद्दलची. अभ्यासकही या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, आणि एकच माणूस दोन्हीकडे वेगळी उत्तरं देतो.

तर्रीपोहे :
‘द्यावेत’ घेतलं. आता ‘न्याय्य’. ‘कोणाला आधी उपचार देणं न्याय्य ठरेल?’ हे वाचताना माझीच जीभ अडखळते.

वकीलवाडा :
न्याय म्हटलं की लोकांना तारखा आठवतात. ‘समान’ टाका.

महालची सून :
समान नको, रास्त टाका. रास्त भाव दुकानाची पाटी प्रत्येकाने वाचलीय आणि त्या दुकानात सगळ्यांना सारखं मिळत नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, पांढरं कार्ड. ज्याची गरज मोठी त्याला जास्त, आणि तरी त्याला रास्तच म्हणतात. तुमचा अख्खा विषय त्या पाटीवर लिहिलेला आहे. ‘समान’ लिहाल तर उत्तर तुम्हीच तोंडात घालाल.

आकडेमोड्या :
मान्य. ‘एक वर्ष म्हणजे एक वर्ष’ हे झालं समान. लोकांना विचारलं तर बऱ्याच देशांत ते म्हणतात, ज्याची तब्येत फार खालावली त्याच्या वर्षाला जास्त वजन द्या. ब्रिटनने २०२२ पासून तसं केलंय, आजाराच्या गंभीरपणाप्रमाणे लाभाला १.२ किंवा १.७ ने गुणतात. वयाचा मुद्दाही निघतो. सिकलसेलचं पोर लहानपणापासून अंगदुखीच्या झटक्यांत वाढतं, विदर्भात हे वेगळं सांगायला नको. आणि दुसरीकडे पंच्याहत्तरीतले आजोबा, ज्यांनी साठ वर्षं धडधाकट काढली. पोराला आधी, असं म्हणणारे पुष्कळ. कारण त्याच्या वाट्याला चांगली वर्षं आलीच नाहीत.

धंतोलीकर :
आजोबा स्वतःच म्हणतात ना, ‘आमचं काय, पिकलं पान.’ पण प्रश्नावलीत हा शब्दप्रयोग चुकूनही येऊ देऊ नका. ते आजोबांनी स्वतःबद्दल म्हणायचं असतं, सुनेने म्हटलं तर घरात महाभारत. आणि सरकारचा कल पाहा, २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण. पिकल्या पानांनाही मत असतं, दोन्ही अर्थांनी.

तर्रीपोहे :
रास्त पक्कं. आता त्या मापाच्या वर्षाला नाव हवंय. ‘गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष’ माझ्याने उच्चारवत नाही. ‘धड वर्ष’ कसं वाटतं? ‘धड बरा नाही, धड आजारी नाही’ मधलं धड.

वकीलवाडा :
छान आहे. छोटं, घरगुती.

चाकावरची :
इतका वेळ नुसती वाचत होते. मी व्हीलचेअर वापरते. माझं गेलं वर्ष धड नव्हतं, हे कोणी ठरवलं? नोकरी झाली, भाचीचं लग्न झालं, संक्रांतीला गच्चीवर मांजाही धरला. त्या ० ते १ च्या मोजपट्टीवर चाकाच्या खुर्चीला किती, हे बहुतेक वेळा खुर्चीत कधी न बसलेल्या लोकांना कल्पना करायला सांगून ठरवतात. ते जे आकडे देतात त्यापेक्षा खुर्चीतली माणसं स्वतःला बरेचदा वरचा आकडा देतात. आणि आकडा कमी असला की आमचा जीव वाचवून मिळणारी ‘वर्षं’ही कमी भरतात. एकदा अपंगत्व, वर त्याचीच वजावट. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने सरकारी खर्चाने कोणते उपचार आधी द्यायचे याचा क्रम लावला होता, तो १९९२ मध्ये केंद्र सरकारने अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर बोट ठेवून परत पाठवला. शब्द निवडा, पण तो माझ्या दारात येऊन वाचायचाय हे धरून निवडा.

धंतोलीकर :
ताई, बरोबर. ‘धड’ रद्द.

आकडेमोड्या :
‘निरोगी वर्ष’? त्यात खुर्ची येत नाही, खुर्ची हा रोग नव्हे.

चाकावरची :
चालेल. पण मग खुर्चीला १ पेक्षा कमी आकडा देता येणार नाही, हे तुमच्या मूळ प्रश्नावलीवाल्यांना कळवा. ते मान्य करतात का बघू.

तर्रीपोहे :
कळवतो. शब्द ‘निरोगी वर्ष’, प्रश्न असा : ‘एका अनोळखी माणसाला एक निरोगी वर्ष मिळावं म्हणून सरकारने सगळ्यांच्या करातून जास्तीत जास्त किती रुपये खर्च करणं तुम्हाला रास्त वाटतं?’ छपाई सोमवारी आहे. ‘अनोळखी’च्या जागी ‘परका’ नको ना?

महालची सून :
परका नको. परक्याला कोणी काही देत नाही.